शेजारचा ब्रेक

शर्यतीतल्या पाण्याच्या पहिल्या टेबलापाशी रस्ताभर कागदी पेले पडले होते. पुढे गेलेल्यांनी दोन घोट घेऊन फेकलेले, तुडवलेले, काही अजून अर्धे भरलेले. त्यातला एक वाऱ्यानं घरंगळत भिंगरीच्या पायाशी आला. ती त्याच्यावरून पाऊल टाकणार, टाकलंच होतं जवळजवळ, तेवढ्यात बाबांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा एक जाडसर गृहस्थ तिच्या पाठीवर येऊन आदळला, त्याची हनुवटी तिच्या डोक्याला लागली, आणि तो वैतागून म्हणाला की अहो, असं मधेच काय थांबता. त्यावर बाबा लगेच, अगदी हसत, त्याला म्हणाले, "सॉरी हं. नवीन आहे, घाबरली."

गृहस्थ पुढे निघून गेला. बाबांनी तिचा दंड सोडला, पाठीवर थोपटलं, चल चल म्हणाले, आणि ती पुन्हा पळायला लागली. पापणी लवायच्या आतला मामला. त्या गृहस्थाला पुढच्या वळणावर तो आठवलासुद्धा नसेल. भिंगरीला मात्र तो सोडत नव्हता. पाठीवर जिथे त्या माणसाची छाती आदळली होती तेवढा भाग गरम लागत होता, बाकीचं अंग पहाटेच्या गारव्यात अजून थंडच होतं, आणि कानात तो एक शब्द राहून गेला होता. घाबरली. हा शब्द तिनं बाबांच्या तोंडून यापूर्वी एकदाच ऐकला होता, याच सुरात, इतक्याच चटकन निघालेला, इस्पितळातल्या एका दारामागून. ती तेव्हाही घाबरलेली नव्हती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी टेकत नसे म्हणून आईनं ठेवलेलं. आई आता ते वापरत नाही, आई आता कुठल्याच नावानं हाक मारत नाही, नुसतं 'ऐक' म्हणते. बाबा तेवढे वापरतात, आणि तेही चार माणसं आजूबाजूला असली की जरा जास्तच. बाबा मोटार चालवायला शिकवतात. उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काही केलं नाही. आता शिकवायच्या गाडीची गंमत अशी असते की ब्रेकचं एक पेडल शिकणाऱ्याच्या पायाशी असतं आणि दुसरं शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही खालून एकमेकांना जोडलेली. एकानं दाबलं की दुसऱ्याचंही आपोआप खाली जातं. त्या शेजारच्या पेडलावर वर्षानुवर्षं पाय ठेवून बाबांच्या उजव्या पायाला स्वतःची अक्कल आली होती, तो काही बाबांना विचारून वागत नसे. बसमध्ये बसले की तो पाय समोरच्या सीटखाली दाबला जाई. सिनेमात कुणी जोरात गाडी हाणली की दाबला जाई. जेवताना कुणाचा पेला कलंडला तरी टेबलाखाली दाबला जाई. आई पाहुण्यांना हसून सांगायची, अहो, झोपेतसुद्धा ब्रेक मारतात हे, लग्नापासून माझ्या पोटऱ्या निळ्या आहेत. तेव्हा तिला पोटऱ्यांमधलं कळत होतं.

रस्ता आता रुंद झाला होता आणि दोन्ही बाजूंची दुकानं बंद होती. कुठल्याशा गच्चीत एक माणूस तोंडात ब्रश धरून खाली बघत उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर एवढी माणसं सुखासुखी का पळतायत हा प्रश्न स्पष्ट होता. चौकातले दिवे कुणी नसतानाही आपले इमानेइतबारे बदलत होते, आणि लाल लागला की बाबांचा वेग कमी व्हायचा. स्वतःच्या लक्षात आलं की ते ओशाळं हसायचे. पुढे गेले की तिच्याकडे न बघता उजवा तळवा खाली दाबायचे, हळू, म्हणून. शिकवताना जसं करतात तसं. गेले सहा महिने रोज पहाटे ते तिला असंच पळवत होते. चढ आला की म्हणत गिअर उतरव. वळण आलं की म्हणत आधी बघ, मग वळ. आईच्या पायांना व्यायाम देणाऱ्या बाई त्यांना म्हणाल्या होत्या की पोरगी आतल्या आत कुढतेय, तिला बाहेर काढा, आणि बाबांनी ते शब्दशः घेऊन तिला पहाटे घराबाहेर काढलं होतं. बूट आणले, तेलाची बाटली आणली, कुणाला तरी विचारून एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत दोघांची नावं घातली. सोबत सुरू करायचं, सोबत संपवायचं, हा त्यांचा नियम. शेवटच्या कमानीपाशी आई येणार होती, शेजारच्या काकू तिला घेऊन येणार होत्या, आणि दोघांनी हात धरून कमानीखालून यायचं होतं. बाबा हे सगळ्यांना सांगत सुटले होते.

जे कुणालाच माहीत नव्हतं ते एवढंच, की भिंगरी त्यांच्यापेक्षा पुष्कळ जोरात पळू शकायची. पहिल्या पंधरवड्यातच तिला ते कळलं होतं. पण तिनं ते दाखवलं नाही, ती आपली त्यांच्या अर्ध्या पावलानं मागे राहायची, धाप लागली नसताना धाप टाकायची. बाबांना आपण पुढे असलेलं बरं वाटतं, तर वाटू दे. त्यांचं काय काय जपायचं याची तिला आता सवय झाली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी ते तिघं शहराबाहेरच्या एका ओळखीच्यांकडून परत येत होते. दुपारची वेळ, सरळ रस्ता, दोन्हीकडे मोकळी जमीन. ती चौदा वर्षांची होती आणि महिनाभर बाबांच्या डोक्याशी भुणभुण लावली होती, एकदा द्या ना, एकदाच. बाबा नको म्हणत होते. आईच म्हणाली, द्या हो, शेजारी तुमचा ब्रेक आहे की. मग बाबांनी ती छपरावर पाटी असलेली शिकवायची गाडी कडेला घेतली आणि जागा बदलली. आई मागे बसली होती, तिनं पट्टा लावला नव्हता. तिला पुढे वाकून, दोन सीटांच्या मधून डोकं घालून लेकीचं चालवणं बघायचं होतं. तिचे केस भिंगरीच्या खांद्याला लागत होते. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांच्या कानामागे काड्या बसवून द्यायची, तिच्या हाताला काचा पुसायच्या द्रवाचा वास असायचा, त्या दिवशीही होता. मग रस्त्यावर काहीतरी पांढरं आलं. ती प्लास्टिकची पिशवी होती. भिंगरीनं ती लांबूनच ओळखली, कडेच्या गवतातून उठलेली, वाऱ्यानं फुगून लोळत येणारी पिशवी, तिला जरा हसूही आलं. तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता आणि तिथेच राहिला. आणि त्याच्या शेजारचं, तिच्याच बाजूचं ब्रेकचं पेडल, ज्याला तिचा पाय लागलाही नव्हता, ते तिच्या बुटाची कड घासत तळापर्यंत खाली गेलं. गाडी किंचाळून थांबली. मागे एक टेंपो कधीचा लागला होता ते तिघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. टेंपोत गाद्या होत्या, नव्या कोऱ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. नंतर त्या रस्ताभर पडल्या होत्या आणि त्यातल्याच एकीवर आईला निजवलं होतं.

बाबांनी तिला दार उघडून ओढून बाहेर काढलं आणि दोन्ही खांदे धरून म्हणाले की चालवत मी होतो, कळलं ना, तू मागे होतीस, कुणीही विचारलं तरी हेच. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी तेच सांगितलं आणि पुढचं सगळं अंगावर घेतलं. पोलिसांना पटलं, पण आई गाडीतच होती, तिला कोण काय सांगणार? तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा भिंगरी दाराबाहेर उभी होती, आत जायची हिंमत नव्हती. आईनं विचारलं, गाडी थांबली कशाला? आणि बाबा म्हणाले, लहान आहे. घाबरली. ब्रेक मारला. मग थोड्या वेळानं म्हणाले, तिला काही बोलू नकोस. आई त्यावर काही बोलली नाही, आणि तेव्हापासून त्याबद्दल तिच्याशी बोललेलीच नाही. मामानं मात्र सगळ्या नातलगांत बाबांचं कौतुक केलं, की केवढं मन लागतं, बायकोचं हे झालं आणि पोरीचा गुन्हा स्वतःवर घेतला. मामा हे तिच्या समोर म्हणायचा आणि तिच्याकडे बघायचा, की बघ, असा बाप मिळाला तुला.

तेव्हाच, इस्पितळातल्या त्या दाराबाहेरच्या बाकावर, तिच्या मनानं घेतलं होतं की बाबांना माहीत नाही. बाबा तिच्या शेजारी येऊन बसले होते, डोळे मिटून, आणि त्यांचा उजवा पाय खालची फरशी दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा तिची खात्रीच पटली. पाय त्यांना न विचारता गेला असणार, नेहमीसारखा, आणि त्यांना खरंच वाटतंय की ब्रेक हिनं मारला. आता हे त्यांना सांगायचं तर काय होईल याचा तिनं त्या बाकावर बसून खूप विचार केला, चौदा वर्षांच्या पोरीला जेवढा करता येतो तेवढा, आणि तिला दिसलं की बाबा मोडतील. आई अर्धी गेलेलीच होती. बाबा मोडले तर घरात उरणार कोण? म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं. कुणी तिला शूर म्हणावं असं तिला वाटत नव्हतं. तिला फक्त भीती वाटत होती, आणि ही भीती खरी होती, बाबा जिच्याबद्दल बोलले होते ती नव्हे.

पुढचे दिवस घरात काय होतं म्हणाल तर काहीच नव्हतं. आवाज चढला नाही, भांडं आपटलं गेलं नाही. बाबा सकाळी आईच्या पाठीखाली एक हात आणि गुडघ्यांखाली एक हात घालून तिला उचलत, खुर्चीत ठेवत, तिचे केस विंचरत, मग क्लासवर जात. दुसरी गाडी आली होती, तिलाही शेजारी ब्रेक होता. संध्याकाळी पुन्हा उचलत. एकदा बाबांना उशीर झाला आणि आई खुर्चीत अवघडली होती, चेहरा पांढरा पडला होता, तेव्हा भिंगरी पुढे होऊन म्हणाली की मी उचलते. आई म्हणाली, तू नको. बाबांना येऊ दे. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग बाबा येईपर्यंत दोघी एकाच खोलीत बसून राहिल्या, आई खिडकीबाहेर बघत आणि भिंगरी आईच्या पावलांकडे बघत, जी फळीवर ठेवल्यासारखी ठेवलेली होती. जेवलीस का, अभ्यास झाला का, दार लावून घे, एवढंच आई तिच्याशी बोलायची. काकूंशी मात्र बोलायची. एकदा भिंगरी बाहेरून आली तर आतून आईचा आवाज येत होता, मला काही नको हो, एकदा येऊन चुकलं म्हणाली असती ना, एवढं एकदा, तर मी सगळं विसरले असते. पण पोरीच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. काकू म्हणाल्या, लहान आहे. आई म्हणाली, आता कुठे लहान आहे.

आणि तो शब्द भिंगरीच्या जिभेवर येत असे, खोटं कशाला सांगायचं, रोज येत असे. चुकलं. तेवढं म्हणून टाकलं की संपलं, आई पुन्हा भिंगरी म्हणेल, पुन्हा तिचे ते ऊबदार हात कानामागे लागतील. पण जे केलं नाही त्याला चुकलं कसं म्हणायचं? गप्प राहणं वेगळं, गप्प राहून ती कुणाला तरी जपत होती. तोंडानं म्हणायचं म्हणजे स्वतःला कायमचं तिथे नेऊन बसवायचं, त्या पेडलावर. हे तिला जमत नव्हतं. आणि खरं काय ते सांगून टाकायचं तर बाबा जातील. आईला उचलणारे हात तेच होते. ज्या माणसानं आपल्याला खुर्चीत घातलं त्याच्याच गळ्यात रोज सकाळी हात टाकायचे हे आई कसं करील? म्हणून तेही नाही, आणि हेही नाही.

पुलाचा चढ सुरू झाला तेव्हा ऊन वर आलं होतं. माणसं विखुरली होती, काही चालतच होती, एकजण कठड्याला धरून ओकत होता. बाबांचं तोंड उघडं पडलं होतं आणि उजवा पाय रस्त्यावर थाडथाड आपटत होता, जणू प्रत्येक पावलाला ते स्वतःलाच थांबवत होते. भिंगरीच्या पायांत मात्र अजून जीव होता, तो जीव तिला लपवावा लागत होता, आणि आज पहिल्यांदाच त्या लपवण्याचा तिला संताप येत होता. पाठीवरचा तो गरम डाग अजून गेला नव्हता. चढाच्या मध्यावर आजूबाजूला कुणी नव्हतं. तेव्हा बाबा धापा टाकत म्हणाले की तुला एक सांगायचं होतं, आजच सांगायचं ठरवलं होतं.

"मी तुला माफ केलंय, भिंगरे," ते म्हणाले. "केव्हाच केलंय. आता तू स्वतःला मोकळं कर."

ते हे मनापासून म्हणत होते. तिनं बघितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, घाम असेल असं म्हणायलाही जागा नव्हती. आणि तिला वाटलं की आता नाही तर कधीच नाही. तिनं ठरवलं असं म्हणता येणार नाही, धाप टाकताना श्वासाबरोबर बोलणं बाहेर आलं.

"मी तेव्हा घाबरले नव्हते, बाबा. ती पिशवी होती. माझा पाय ब्रेकवर नव्हताच. पेडल आपणहून खाली गेलं."

बाबा थांबले नाहीत. तोच थाडथाड आवाज चालू राहिला. तिला वाटलं ऐकू आलं नसेल. पूल संपत आला, समोर उतार दिसायला लागला, खाली गर्दी, ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी नावं पुकारत होतं. मग बाबांनी मान न वळवता विचारलं,

"आईला बोललीस का?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. हा चेहरा कसा होईल याची तीन वर्षं तिनं किती चित्रं मनात काढली होती. ते मटकन खाली बसतील, डोकं धरतील, नाही म्हणतील, तिच्यावर ओरडतील. यातलं काही झालं नव्हतं. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का ते आठवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तेवढीच काळजी तिथे होती. आश्चर्य नव्हतं. आश्चर्य कुठेच नव्हतं, ती पुन्हा पुन्हा शोधत राहिली.

नाही, ती म्हणाली. त्यांनी सुस्कारा सोडला. तुम्हांला माहीत होतं, ती म्हणाली, आणि ते म्हणाले, पाय माझा आहे, मला कळणार नाही? मग तुटक तुटक, दर दोन पावलांना दम घेत, ते सांगत राहिले. म्हणाले की इस्पितळात आईनं एकदम विचारलं, जे सुचलं ते बोलून गेलो. उद्या सांगू म्हटलं. मग डॉक्टर म्हणाले पाय परत येणार नाहीत, म्हटलं आता कसं सांगू. मग घरी आणली, उचलायला लागलो, मग राहूनच गेलं. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, ते तिलाही कळत होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"लहान पोराला आई माफ करते," बाबा म्हणाले. "नवऱ्याला नाही करत. मला टाकलं असतं तिनं, तर तिला उचललं कोणी असतं?"

"मला नाही केलं तिनं, बाबा."

पुलाचा उतार आला तसा बाबांचा उजवा तळवा खाली दाबला गेला. हळू, ते म्हणाले, उतार आहे.

तेव्हा ती सुटली. तिला स्वतःलाही कळलं नाही, पाय लांब पडायला लागले, अजून लांब, आणि मागून बाबांचा आवाज आला, भिंगरे, अगं हळू, आणि मग तो आवाज गर्दीच्या आवाजात मिसळून गेला. तिला इतका राग आला होता की डोळ्यांपुढचा रस्ता हलत होता. तीन वर्षं तिनं ज्याला फुलासारखं जपलं तो माणूस पहिल्या दिवसापासून सगळं जाणून होता. तिच्या गप्प बसण्याच्या आधारानं तो रोज आईचे केस विंचरत होता. आणि वर तिला माफही करत होता, पाठ थोपटून, चारचौघांत! पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याची तिला लाज वाटत होती, ते म्हणजे पळण्याचा आनंद. सहा महिने कोंडून ठेवलेले पाय मोकळे झाले होते. वारा कानांवरून जात होता, माणसं मागे पडत होती, मघाचा तो जाडसर गृहस्थही मागे पडला, आणि तिच्या तोंडात एक वाक्य तयार होत होतं, प्रत्येक पावलाला जरा जरा घट्ट होत होतं. आई, ब्रेक बाबांनी मारला. आई, मी नाही, बाबांनी. ती ते हलक्या आवाजात म्हणून बघत होती. वाक्य सोपं होतं. एवढं सोपं वाक्य आपण इतके दिवस पोटात कसं ठेवलं याचं तिला नवल वाटलं. आता आई तिच्याकडे बघेल. नीट, डोळ्यांत बघेल. नंतरचं नंतर बघू, उचलायचं मी उचलीन, मला येतं उचलता, बाबांसारखंच येतं.

कमानीखालून ती एकटीच गेली. कुणीतरी तिच्या गळ्यात पदक अडकवलं, कुणीतरी हातात केळं दिलं. आई डावीकडे एका मांडवाच्या सावलीत खुर्चीत होती. काकू कुठेतरी पाणी आणायला गेल्या असाव्यात. आईला आज बाबांनी छान तयार केलं होतं, केस मागे बांधले होते, निळी ओढणी खांद्यांवर नीट बसवली होती. आईनं तिला बघितलं आणि लगेच तिच्या मागे बघितलं. मग आणखी मागे. माणसं येत होती, दोन दोन, तीन तीन, त्यात बाबा नव्हते. भिंगरी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तोंडातून शब्द निघायला श्वास पुरत नव्हता.

बाबा कुठे आहेत, आईनं विचारलं. तेवढ्यात कमानीकडून दोघं जण एका माणसाला स्ट्रेचरवरून धावत नेताना दिसले, त्याचे नुसते बूट दिसत होते, आणि आईनं खुर्चीच्या चाकांना दोन्ही हातांनी गच्च धरलं. ती उठायला बघत होती. तिचे दंड थरथरत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि कमरेपासून खालचं अंग जागचं हलत नव्हतं. ते बूट बाबांचे नव्हते, भिंगरीला ते तेव्हाच दिसलं होतं, पण आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते तिनं याआधी कधी बघितलं नव्हतं. इतकी घाबरलेली आई तिनं इस्पितळातही बघितली नव्हती.

"त्यांना सोडून आलीस?" आई म्हणाली. "एवढं केलं त्यांनी तुझ्यासाठी, आणि रस्त्यात टाकून आलीस?"

वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर होतं. आईचे हात अजून चाकांवर होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. भिंगरीनं तोंड उघडलं.

"चुकलं," ती म्हणाली. "चुकलं माझं, आई."

टाकून आले ते चुकलं, असं तिला म्हणायचं होतं. ते बूट बाबांचे नाहीत, बाबा येतायत, मागे आहेत, हेही म्हणायचं होतं आणि मग ते दुसरं. पण आईचा चेहरा बदलला. चाकांवरचे हात सुटले. आई तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत, नीट, आणि तिची हनुवटी लहान मुलासारखी थरथरायला लागली, आणि मग तिनं दोन्ही हात पुढे करून भिंगरीचं घामानं थबथबलेलं डोकं धरलं आणि स्वतःकडे ओढून मांडीवर घेतलं. एवढंच हवं होतं गं मला, ती म्हणत होती. एवढंच. वेडी आहेस का तू, एवढं म्हणायला तीन वर्षं? माझी भिंगरी. माझी भिंगरी ती. तिची बोटं केसांतून कानामागे गेली. भिंगरी गुडघ्यांवर होती, खालचे खडे टोचत होते, आणि डोकं त्या मांडीवर होतं जिला त्याचं वजन कळत नव्हतं. नाही, आई, तसं नाही, असं म्हणायला अजून वेळ होता. ती म्हणेल असं तिला स्वतःलाही बराच वेळ वाटत राहिलं. कानामागची बोटं ऊबदार होती. तिला रडू फुटलं, आणि ते बघून आई आणखी रडली.

बाबा आले ते चालतच आले, एक पाय ओढत, कमानीखालून कधी आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. मांडवापाशी येऊन ते दोघींना बघून थबकले. आईनं एका हातानं डोळे पुसले, दुसरा भिंगरीच्या डोक्यावरून काढला नाही. तिचा आवाज इतका हलका झाला होता की कुणाला वाटावं ही दुसरीच बाई आहे.

"अहो, बोलली ती," आई म्हणाली. "स्वतःहून बोलली. चुकलं म्हणाली."

भिंगरीनं मान वर केली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते धापा टाकत गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि खालीच बघत म्हणाले, "बरं झालं."